तव्याला की कालवणाला?

बुधवारी संध्याकाळी आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ओट्याकडे पाहिलं, बंद गॅसकडे पाहिलं आणि म्हणाली, "आज मासे नाय काय गो?" मासे होते. चांगल्या इंचभर जाडीच्या रवसाच्या तुकड्या ओटीजीत, म्हणजे ओट्यावरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, शिरून पाच-सात मिनिटं झाली होती. पण तवा चढलेला नव्हता, तेलाचा आवाज नव्हता, माझ्या हातात कालथा नव्हता आणि मी चक्क खुर्चीत बसून लेकीची प्रोजेक्टची वही चाळत होते. म्हणजे मासे असणं तिच्या हिशेबात शक्यच नव्हतं. मी काचेकडे बोट दाखवलं. ती वाकली, लाल रॉडच्या उजेडात डोळे बारीक करून बघितलं आणि नुसतं "हां" म्हणाली. थोड्या वेळाने ट्रे सरळ टेबलावर आला, चौघांच्या ताटांत एकाच वेळी तुकड्या पडल्या, आम्ही जेवायला बसलो. आई उभीच. "बस ना गं." "तुमी जेवा, मी वाढतंय." वाढायला काही उरलंच नव्हतं. भात टेबलावर, सोलकढी टेबलावर, लिंबाच्या फोडीसुद्धा टेबलावर. तरी ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी, नजर एकेका ताटावरून फिरवत. बसली शेवटी, पण कुणी काही मागेल म्हणून अर्धं लक्ष ओट्याकडे ठेवूनच.

मासा तिला आवडला नाही असं अजिबात नाही. दुसरी तुकडी तिने मागून घेतली, आणि वेंगुर्ल्याची बाई दुसऱ्याच्या हातचा मासा मागून घेते तेव्हा ती भीड म्हणून घेत नाही. पण ते उभं राहणं काही माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे माशांचे वार. सोमवार नाही, गुरुवार नाही, संकष्टी आली की तोही वार गेला. रविवारचा प्रश्न नसतो. रविवारी वेळ असतो, हौस असते, बाजारात जाऊन चार पाट्या हुंगून यायची उमेद असते. खरी परीक्षा बुधवारची. सात-साडेसातला ठाण्याला उतरायचं, पुलावरच्या गर्दीतून बाहेर पडायचं, स्टेशनबाहेर पाट्या मांडून बसलेल्या बायकांपैकी आपली ठरलेली गाठायची, घरी पोचेस्तोवर आठ. त्यानंतर कांदा-खोबरं भाजा, वाटण वाटा, कालवण टाका, शिवाय चार तुकड्या तळा, असा घाट घातला तर ताटं दहाला पडणार. आधी आमच्याकडे बुधवारी दहाच वाजायचे, नाहीतर मग अंड्यांवर भागायचं. त्यात नवरा साताऱ्याकडचा, मटणावर वाढलेला. मासा खायला तो माझ्याकडे शिकला, पण काटे काढायला अजून शिकलेला नाही. या सगळ्यावर तोडगा लेकीच्या फोनमधून आला. कुणीतरी सॅमनची तुकडी ओव्हनमधून काढत होतं आणि ती तुकडी वार्निश मारल्यासारखी लखलखत होती. सोया सॉस, साखर, साके आणि मिरिन नावाची गोडसर तांदळाची दारू, हे सगळं आटवून केलेला जपानी मुलामा. "आई, हे वीस मिनिटांत होतं," असं लेक म्हणाली. वीस मिनिटं ऐकून माझे कान टवकारले. सॅमन आणि साके जाऊ देत, वीस मिनिटं तर आपल्याकडेही चालतील.

"तव्याला की कालवणाला?"

माशाचा भाव ठरला की कोयता उचलण्याआधी कोळीण हे विचारतेच, कारण जाडी त्यावर ठरते. तव्याला पातळ, कालवणाला जराशी जाड, डोकं वेगळं फोडून. मी पहिल्यांदा "ओव्हनला" म्हटलं तेव्हा तिचा हात थांबला. "केकात घालतेस का काय, बाय?" शेजारच्या पाटीवरच्या दोघी मनापासून हसल्या. मी बोटांनी जाडी दाखवली. "इतकी जाड? आतून कच्ची ऱ्हाईल." मधलाच भाग द्या, मधला काटा राहू द्या, कातडी राहू द्या, असं सगळं सांगितल्यावर तिने कापून दिला खरा, पण पैसे घेताना "नंतर मला बोलू नको" हेही ऐकवलं. रवस घेताना मी त्याचे कल्ले उघडून बघते, डोळे बघते, पोटाजवळ बोट दाबून खड्डा भरून येतोय का ते बघते, आणि ते झालं की उगाचच त्याच्या छातीच्या पराखाली लोंबणारे चार लांब तंतू बघते. त्यावरून ताजेपणा वगैरे काही कळत नाही. गढूळ पाण्यात चाचपडत फिरण्यासाठी त्याला मिळालेली ती बोटं मला बघायला आवडतात, एवढंच. हॉटेलांच्या मेन्यूवर रवसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण सॅमनशी त्याचं काडीचं नातं नाही. सॅमनचा नारिंगी रंग त्याच्या खाण्यातल्या अस्टाझॅन्थिन नावाच्या रंगद्रव्याचा, आणि पिंजऱ्यात वाढवलेल्या सॅमनला ते खाद्यातून मिळावं लागतं. आपला रवस शिजला की पांढराशुभ्र, मोठमोठ्या पाकळ्या सुटणारा, आणि सॅमनपेक्षा पुष्कळ कमी चरबीचा. त्यामुळे सॅमनची कृती त्याला जशीच्या तशी लावून चालत नाही. त्याला तेलाचा हात लागतो आणि वेळेचं भान जास्त लागतं. (पापलेटला पाक लावायची मात्र माझी हिंमत नाही. २०२३ मध्ये त्याला राज्य मासा म्हणून जाहीर केलंय, आणि आई तर त्याला त्याच्याही आधीपासून तेवढाच मान देते.)

साके-मिरिन घरात असण्याचा प्रश्नच नव्हता. सोया सॉस होता, तो एकदा वापरून पाहिला. वाईट लागला नाही, पण त्या वासाने ताटातला भात एकदम परका वाटायला लागला आणि सोलकढीशी तर त्याचं अजिबात जमेना. मग मी आंबटासाठी आणि मिठासाठी आगळाकडे, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाकडे, वळले आणि गोडासाठी काकवीकडे, म्हणजे पातळ गुळाकडे. आगळ गावाहून येतं, सरबताच्या जुन्या बाटलीत, बुचाला प्लास्टिक गुंडाळून वर रबर. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी आमच्या बाटलीवर अजून जुन्या सरबताचंच लेबल आहे. काकवी नवऱ्याच्या माहेरची, म्हणजे सासरहून, तिकडच्या गुऱ्हाळावरची. दोन्ही घरं एका कढल्यात, असं नवऱ्याने एकदा लाडात येऊन म्हटलं होतं. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, कारण तेव्हा पाक उतू जायच्या बेतात होता.

करायचं असं. तुकड्यांना मीठ चोळून पंधरा मिनिटं ठेवायच्या, तोवर कपडे बदलून होतात आणि ओटीजी २०० अंशांवर तापतो. मिठाने सुटलेलं पाणी फेकायचं आणि तुकड्या फडक्याने अगदी कोरड्या टिपायच्या. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया. कढल्यात दोन चमचे काकवी, दोन चमचे आगळ, ठेचलेल्या लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, ब्याडगीचं तिखट रंगापुरतं आणि चमचाभर तेल. मंद आचेवर फेस मोठ्या बुडबुड्यांचा व्हायला लागतो, चमच्याच्या पाठीवर थर धरतो आणि त्यातून बोट ओढलं तर रेघ मोडत नाही. तिथे थांबायचं. लाडवांचा एकतारी पाक ज्यांनी केलाय त्यांना सांगावं लागणार नाही, त्याच्या जरा अलीकडेच गॅस बंद, कारण गार होताना तो आणखी आळतो. आगळात मीठ असतंच, वरून घालायचं नाही. ट्रेवर बेकिंग पेपर (तो ट्रेच्या बाहेर डोकावू द्यायचा नाही, वरच्या रॉडला टेकला तर पेटतो), त्यावर तेल लावलेल्या तुकड्या, वर पाकाचा अगदी पातळ हात. आठ मिनिटांनी बाहेर ओढून दुसरा हात, हा सढळ. आणि शेवटची दोन-तीन मिनिटं ट्रे वरच्या खाचेत, फक्त वरचा रॉड चालू, आणि आपण समोर. एवढ्या वेळात फोन आला तर घ्यायचा नाही.

ती शेवटची दोन-तीन मिनिटं मला फार आवडतात. काचेतून बघावं तर आधी काहीच घडत नसतं. मग तुकडीच्या कडेला, जिथे पाक ओघळून साचलाय तिथे, बारीक बुडबुडे उठतात. ते फुगतात, फुटतात, मागे एक गडद ठिपका ठेवतात. मग कातडीच्या बाजूला लसणाचा एखादा कण काळा पडतो. आणि अचानक सगळा पृष्ठभाग एकदम थरथरल्यासारखा होऊन काळपट तांबडा, ओला, चकचकीत दिसायला लागतो. ते दिसलं की बाहेर. त्यानंतरचं अर्धं मिनिटदेखील कडूच. मासा आणि पाक यांचं मुळात एकमेकांशी पटत नाही, हे सगळं त्याच्यामुळे. माशाचं मांस ६० अंशांच्या आसपास शिजून पाकळ्या सोडायला लागतं. अमेरिकेतले सरकारी नियम गाभ्याला ६३ अंश सेल्सियस सांगतात. उलट साधी साखर १६० अंशांच्या आसपास तांबूस होते, फळातली साखर त्याच्या बरीच आधी. काकवीत दोन्ही असतात, म्हणून ती साखरेच्या पाकापेक्षा लवकर रंग धरते आणि तितक्याच लवकर दगाही देते. शिवाय वरचा ओलावा जाईपर्यंत पृष्ठभाग १०० अंशांच्या पुढे सरकत नाही, म्हणून ते कोरडं टिपणं. आत साठ, वर दीडशेच्या पुढे, आणि मध्ये बोटाच्या पेराएवढं अंतर. कॅनडाच्या मत्स्य खात्याने रूढ केलेला एक नियम आहे, कडक आचेवर इंचाला दहा मिनिटं. ठाण्यातला आमचा जुना ओटीजी त्याच्या वरच्या आकड्याशी प्रामाणिक नाही, तरी त्यालाही तो नियम बऱ्यापैकी लागू पडतो.

आईचा पहिला आक्षेप मात्र तापमानाला नव्हता.

"माशाक गूळ?" तिने हे ज्या सुरात विचारलं त्या सुरात ती एरवी "लग्नाक गेलंस नाय?" असं विचारते. माशाला तिखट हवं, आंबट हवं, खारट तर तो घेऊनच येतो, आणि गोडवा हवा तर तो नारळाच्या रसाचा. गुळाची जागा डाळीत, आमटीत, घाटावरच्या भाज्यांत. मी पारशांची सासनी मच्छी काढली, पांढऱ्या सॉसमधली, व्हिनेगर आणि साखर दोन्ही घातलेली. मग गोव्याचा रेशाद मसाला काढला, ज्यात व्हिनेगरबरोबर चिमूटभर साखर पडतेच. "तां तेंचा," असं म्हणून तिने दोन्ही प्रांत एका वाक्यात निकालात काढले. आपल्या किनाऱ्यावर दर वीस कोसांनी माशाचं व्याकरण बदलतं आणि प्रत्येकाला आपलंच शुद्ध वाटतं, ही मला या किनाऱ्याची सगळ्यात प्रिय खोड आहे. पण आईचं म्हणणं मी अगदीच उडवून लावलं नाही. काकवी अर्ध्या चमच्याने कमी झाली, आगळ तेवढंच वाढलं, आणि खरं सांगायचं तर पाक त्यामुळे सुधारला. आता पहिल्यांदा जिभेला आंबट लागतं, मग तिखट, आणि गोड शेवटी येऊन दारातच उभं राहतं. ते लेकीला कमी वाटतं. तिला मी वरून वेगळं लावून देते.

या प्रकाराचा आणखी एक गुण आमच्या घरात आल्यागेल्याला कौतुकाने सांगितला जातो, तो म्हणजे वास येत नाही. नवरा सांगतो, मीही सांगते. तळलेल्या माशाचा वास पडद्यांत बसतो, लिफ्टपर्यंत जातो, सकाळी उशीला येतो. भाजलेल्याचा तसा जात नाही. तेल उडत नाही, धूर होत नाही, आणि आगळाच्या आंबटपणाने माशाच्या वासातला मुख्य घटक, ट्रायमिथिलअमाईन, बांधला जातो आणि हवेत उडत नाही. आपल्या आज्या माशाला कोकम, चिंच, लिंबू लावत आल्या ते त्याच जोरावर. हे सगळं बरोबर आहे. पण 'वास येत नाही' हे मी कुणाला सांगते तेव्हा मला मनातून थोडं चमत्कारिकही वाटतं. आमच्या मजल्यावर मासे न खाणारी दोन घरं आहेत. भांडण कधी झालेलं नाही. पण माशांच्या दिवशी त्यांचं दार जरा लवकर लागतं, उदबत्ती जरा जास्त जळते, आणि मीही पूर्वी तवा चढवण्याआधी स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचे, एक्झॉस्ट लावायचे. आता ते करावं लागत नाही म्हणून मला हायसं वाटतं. आणि ज्या वासावर मी लहानपणी गल्लीच्या तोंडापासून पळत घरी यायचे, तो घरातून गेल्याचं हायसं वाटतं, हे मला फारसं आवडत नाही. दोन्ही खरं आहे. त्याचा निकाल लावायची मला घाई नाही.

वेंगुर्ल्याच्या घरी मासे तळले जात असताना स्वयंपाकघराचं दार लावायची कल्पनाही कुणाला सुचली नसती. बिडाचा तवा, मधोमध खोलगट झालेला. आई रव्यात आणि तांदळाच्या पिठात तुकडी दोन्ही बाजूंनी दाबून, हलकेच झटकून तव्यावर सोडायची. आधी मोठा चर्र आवाज यायचा, मग तो बारीक होत जायचा, आणि आवाज किती बारीक झालाय त्यावर ती तुकडी उलटायची, बघून नव्हे. बाबा, काका, कुणी पाहुणा असेल तर तो, यांची पहिली पंगत पाटांवर. तव्यावरची तुकडी कालथ्यावरून सरळ ताटात. एक संपतेय तोवर दुसरी तयार. मग आम्ही पोरं. पोरांमध्येही क्रम असे, पण तो रोज बदले, आणि तो का बदलला हे आम्हाला कळत नसे, तिला कळत असे. सगळ्यात शेवटी ती आणि काकी. तोवर तुकड्या एक तर संपलेल्या, नाहीतर शेपटाकडच्या, नाहीतर गार. मग ती तव्यावर उरलेला रव्याचा चुरा, मसाला, तेल असं सगळं गरम भातात कालवायची. त्यातला एक घास मागायला आम्ही भरल्या पोटी पुन्हा स्वयंपाकघरात घुसायचो. तो घास तुकडीपेक्षा चांगला लागायचा. तिच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत तांबूस-काळे बारीक ठिपके आहेत, तेल उडून उडून झालेले. अजून आहेत. औषधाच्या गोळ्या देताना मला रोज दिसतात.

तेव्हा उभं राहणाऱ्या बाईचं मी कौतुक करत बसणार नाही. गरम तुकडी दुसऱ्याच्या ताटात आणि आपल्याला चुरा, या व्यवस्थेला जिव्हाळा वगैरे नाव देऊन मी ती माझ्या लेकीपर्यंत पोचवू इच्छित नाही. आई पहिल्या पंगतीला जेवली असती तर कुणाचंही काही बिघडलं नसतं. ओटीजीबद्दल माझं पहिलं आणि शेवटचं चांगलं मत हेच आहे की तो सगळ्यांची तुकडी एकाच वेळी गरम ठेवतो, करणारीचीसुद्धा.

पण मधल्या एका रविवारी मी तव्यापाशी उभी होते. सुरमई होती, आणि सुरमई तळलेलीच हवी यावर घरात मतभेद नाहीत. बाकीचे तिघं टेबलावर, मी तव्यापाशी, आणि आई टेबलावरून मला "आच कमी कर" वगैरे सूचना देत होती. तेव्हा लक्षात आलं की तिथून सगळं दिसतं. नवऱ्याने पोटाकडची तुकडी गुपचूप लेकीच्या ताटात सरकवली ते दिसलं. लेक आज बोलत नाहीये ते दिसलं. आईने कवळीच्या बाजूने चावणं टाळलंय ते दिसलं. पुढची तुकडी कुणाला द्यायची हे कालथ्यावर असताना ठरवता येतं आणि त्यावर अपील नसतं. मी लेकीला दिली, ती न मागता, आणि तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. एवढंच झालं. खुर्चीत बसून 'काय झालंय गं?' असं चार वेळा विचारलं असतं तर तिने चार वेळा 'काही नाही' म्हटलं असतं. वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात आमचा क्रम रोज का बदलायचा, तेही मला तेव्हा कळलं. कोण पडलंय, कोणाला मार बसलाय, कोणाच्या पोटात दुखतंय, याची सगळी बित्तंबातमी तव्यापाशी असायची आणि निवाडा तिथेच व्हायचा. बाबा घराचे कर्ते होते हे खरं, पण तुकडी कुणाच्या ताटात पडणार हे त्यांच्या हातात नव्हतं. राबणं होतं ते, आणि सत्तासुद्धा होती. ओटीजीने राबणं संपवलं आणि जाताजाता सत्ताही नेली. आईला त्या बुधवारी खुर्चीच्या मागे उभं राहून नेमकं काय शोधायचं होतं, याचा मी लावलेला अर्थ हा. तिला विचारलं तर ती म्हणेल, "पाय आखडले हुते."

मग पावसाळा आला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, त्यामुळे बाजारात बर्फातला नाहीतर बाहेरून आलेला माल. मोठ्या दुकानांत नॉर्वेहून आलेला सॅमन मिळतो, त्याचा भाव वाचून मी पुढे सरकते. कोळणीच्या पाटीवर सुकी मासळी येते. आईने सुके बोंबील आणायला सांगितले, आणि एका दुपारी घरात कुणी नसताना, कुणालाही न विचारता, ते तुकडे करून ट्रेवर पसरले आणि ओटीजीत सरकवले. गॅसवर धरून भाजताना ते एका बाजूला करपतात आणि एका बाजूला तसेच राहतात. इथे सगळे सारखे कुरकुरीत झाले. शिवाय ती तोवर खुर्चीत बसून मालिका बघू शकली, आणि हे तिनेच मला संध्याकाळी मोठ्या समाधानाने सांगितलं. सांगायची गरज नव्हती. मला तळमजल्यावर लिफ्टमध्येच कळलं होतं. 'वास येत नाही' ही आमची कौतुकाची गोष्ट त्या दिवशी निकालात निघाली. मजल्यावरची दोन्ही दारं बंद होती, जिन्यात उदबत्तीचा आणि बोंबलांचा सामना चालू होता, आणि बोंबील स्पष्ट पुढे होते. नंतर लेकीने त्याच ओटीजीत चॉकलेट केक केला. तो आम्ही खाल्ला. त्याबद्दल जास्त न बोललेलं बरं.

आता ओटीजीवर आईचा निम्मा हक्क आहे. कोळणीलाही ती माझ्याआधी सांगते, "जाड काप, ओव्हनाक व्हयी," आणि कोळीण आता हसत नाही, उलट परवा दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला "ओव्हनला घेताव का?" असं विचारत होती. ट्रेच्या कडेला कागदावर पाक जळून चिकटतो, कडसर, चिवट, लसणाचा, तो आई चमच्याने खरवडून गरम भातात घेते. लेक लगेच हात पुढे करते.

येत्या बुधवारी रवस मिळेल असं वाटत नाही. बांगडे भरपूर आलेत, आणि बांगड्याच्या अंगात तेल असल्यामुळे त्याला हा पाक रवसापेक्षाही चांगला मानवतो. अख्खे ठेवायचे, दोन्ही अंगांना तिरप्या चिरा, पाक चिरांत जायला हवा. आईचा हट्ट आहे की बांगडा म्हटला की तिरफळ आलंच, चार दाणे ठेचून पाकात पडलेच पाहिजेत. लेकीला वरून तीळ हवेत, फोनमधल्या तुकडीवर असतात तसे. दोन्ही एकत्र घातले तर तिरफळापुढे तिळाचा मागमूस राहणार नाही, हे तिला सांगून झालंय, तिला पटलेलं नाही, तेव्हा ट्रेचे दोन भाग करावे लागणार. आणि अख्खा बांगडा म्हणजे काटेच काटे, नवऱ्याला ते जमणार नाही. त्याच्यासाठी दोन अंडी उकडून ठेवीन.